टिटवीचा सबफोल्डर

एका जंगलात, मुलांनो, चोर फार कमी होते आणि चोरीची भीती फार होती.

जंगल कुठलं ते विचारू नका. नाव घेतलं तर तिथले म्हणतील आमची बदनामी केली, आणि शेजारचे म्हणतील आमचं नाव का नाही घेतलं. आपण दोन्हीकडून शिव्या कशाला खायच्या?

त्या जंगलाच्या कडेला एक बुटकी टेकडी होती. टेकडीत एक लांबलचक गुहा होती. गुहेला तोंड एकच. आत मुरमात खोदलेले कोनाडे होते आणि ज्याला जे जपावंसं वाटे ते तो आपल्या कोनाड्यात ठेवी. अस्वलाचा मध तिथे होता. शेकरूच्या कोयी तिथे होत्या. मोराची गळलेली पिसंही तिथेच होती, कारण टाकवत नाही अशी वस्तू प्रत्येकाच्या घरात असते.

तोंडावर साळिंदर बसलेलं असे, पाठ बाहेरच्या बाजूला करून. तो उद्धटपणा नव्हता, तो पहारा होता.

आत जायचं तर परवलीचा शब्द सांगावा लागे. शब्द होता ‘जांभूळ’. सगळ्यांना एकच. कुणी विसरलं तर साळिंदर मागे न बघताच म्हणे, “अरे, खाल्लं की जीभ निळी होते ते.”

“जांभूळ.”

“जा आत.”

असं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि काही बिघडत नव्हतं. पण काही बिघडत नाही, याच गोष्टीची काहींना फार काळजी वाटते.

अशातच शहरातून वानर परत आला.

शहरात तो एका कॉम्प्युटरच्या कंपनीच्या छपरावर राहत असे. खिडकीतून आत बघत असे. जे दिसलं त्यातलं निम्मं त्याला कळलं नव्हतं आणि उरलेलं निम्मं पडद्यामुळे दिसलं नव्हतं. म्हणून परत आल्यावर तो तज्ज्ञ झाला.

गुहेसमोर उभं राहून तो बराच वेळ मान हलवत राहिला. मग म्हणाला, “तुम्ही याला गुहा म्हणता?”

“मग काय म्हणायचं?” अस्वलाने विचारलं.

“हा सर्व्हर आहे.”

सगळे गुहेकडे नव्याने बघू लागले.

“आणि हे कोनाडे नाहीत. हे फोल्डर आहेत.”

“आणि कोनाड्यात आणखी कोनाडा खोदला तर?” शेकरूने विचारलं.

“सबफोल्डर.”

त्या दिवसापासून अस्वलाची झोप उडाली. कालपर्यंत मध कोनाड्यात होता तेव्हा ते खुशाल घोरत असे. आता मध फोल्डरात होता.

*

आता आपल्या टिटवीबद्दल सांगतो.

टिटवी घरटं बांधत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. ती उघड्या माळावर, खड्यांमध्ये अंडी घालते. टेकडीच्या पलीकडे तसा एक खडकाळ माळ होता आणि टिटवीच्या आईने, आजीने, पणजीने तिथेच अंडी घातली होती. टिटवीनेही घातली. पण गेल्या वर्षी तिची सगळीच्या सगळी अंडी गव्याच्या खुराखाली चिरडली गेली.

त्या वेळी टिटवी जागेवर नव्हती. जंगलात ‘अंडी वाचवा’ अशी मोठी सभा होती आणि ती सभेत पुढच्या रांगेत बसली होती. गवाही अजून सभेत पोचला नव्हता म्हणा. तो सभेचा अध्यक्ष होता. उशीर झाला म्हणून त्याने माळावरून जवळची वाट धरली होती.

टिटवा कुठे होता, असं कुणी तरी विचारेलच. टिटवा राजकारणात होता. म्हणजे दिवसभर तळ्याकाठी उभं राहून ओरडायचा.

त्यामुळे या वर्षी टिटवीने ठरवलं की उघड्यावर राहायचं नाही. तिने गुहेत अगदी शेवटचा, टेकडीच्या पोटातला कोनाडा घेतला. त्यात चार अंडी घातली. आणि वानराने जेव्हा ‘सर्व्हर सुरक्षा सभा’ बोलावली तेव्हा ती पुन्हा पुढच्या रांगेत जाऊन बसली.

अध्यक्ष गवा होता. दुसरा कोण असणार?

वानर म्हणाला, “सगळ्यांना एकच पासवर्ड? म्हणजे मधाला जो शब्द, तोच अंड्यांना? शहरात हे ऐकलं तर लोक हसतील.”

शहरातले लोक हसतील म्हटल्यावर सगळे गंभीर झाले.

“प्रत्येक फोल्डराला वेगळा पासवर्ड हवा. दारावर वेगळा पहारेकरी हवा. आणि नियम एकच. आतलं दार मोठं. ज्याला आत स्वतःचं दार आहे, त्याला बाहेरच्या दारावर कुणी अडवायचं नाही. त्याला त्याचंच दार विचारेल. ज्याला स्वतःचं दार नाही, त्याला मात्र बाहेरच्या दाराचा शब्द लागू.”

“म्हणजे मी विचारायचं नाही?” साळिंदराने विचारलं.

“बहुतेकांना नाही.”

साळिंदर खूश झालं. काम कमी झालं आणि जागा तीच राहिली, याहून बढती वेगळी काय असते?

“ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करा,” गवा म्हणाला.

टिटवीने दोन्ही पंख वर केले. सभेत तिच्याइतक्या जोरात कुणीच संमती दिली नाही. घरी परतताना तर ती शेकरूला म्हणाली, “कुणीतरी शिकलेलं माणूस आल्याशिवाय काही होत नाही बघ.”

*

पासवर्ड कसा असावा, याचेही नियम झाले. त्यात एक फळ पाहिजे, एक नक्षत्र पाहिजे आणि शेवटी एक डरकाळी पाहिजे. तीनदा चुकलं तर सूर्य मावळेपर्यंत दार बंद.

वाघोबा महाराजांच्या फोल्डराचा पासवर्ड मात्र ‘वाघ’ एवढाच होता, कारण महाराजांच्या दुसरं काही लक्षात राहत नसे. हे सगळ्या जंगलाला माहीत होतं. पण आपल्याला माहीत आहे असं दाखवणं हा राजद्रोह होता, त्यामुळे तो सगळ्यात सुरक्षित फोल्डर होता.

दारांवर पहारेकरी म्हणून वानराने आपले मेहुणे बसवले. वानराला मेहुणे पुष्कळ होते. दुसऱ्या कुठल्या कामाचे नव्हते, पण बसायला उत्तम होते.

टिटवीचा पासवर्ड ठरला ‘करवंद मघा’ आणि पुढे डरकाळी.

पहिल्याच दिवशी ती पाणी प्यायला गेली आणि लगबगीने परत आली. तिच्या दारात धाकटा मेहुणा शेंगा सोलत बसला होता.

“करवंद मघा डर्र,” टिटवी म्हणाली.

“चूक.”

“सकाळी हेच तर सांगितलं होतं.”

“सकाळची डरकाळी जरा घशातून होती.”

“अरे दादा, माझ्या अंगात डरकाळी आहे का? मी टिटवी आहे.”

“ते दिसतंय ना मला. पण मला जे दिसतं ते धरायचं नाही, असं दाजींनी सांगितलंय.”

टिटवीने छाती फुगवली, डोळे मिटले. “करवंद मघा डुर्र.”

“ही तर खोकल्यासारखी झाली. आता एकदाच उरली हं, सांभाळून.”

आत अंडी गार पडत होती. टिटवीने आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या वाघांना मनात आणलं, मान खाली घातली आणि पोटातून आवाज काढला. तो डरकाळीसारखा नव्हता, पण मेहुणा दचकला आणि त्याच्या हातची शेंग खाली पडली.

“हां, हीच,” तो म्हणाला. “जा आत.”

टिटवी कशीबशी अंड्यांवर जाऊन बसली. पण मनातून तिला बरं वाटलं. मलाच इतकं अवघड जातंय, तिने विचार केला, तर चोराचं काय होत असेल?

*

चोराचं काय होत होतं ते आता ऐका.

त्या जंगलात घोरपडमावशी राहत. अंडं दिसलं की त्यांचा जीव कासावीस होई. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या बोलायला इतक्या गोड होत्या की त्यांच्याविषयी वाईट बोलताना आपणच वाईट आहोत असं वाटावं.

एका सकाळी त्या उंबराखाली वानराकडे आल्या. सरपटत येऊन सावलीला बसल्या. म्हणाल्या, “तज्ज्ञसाहेब, मला एक लहानसा फोल्डर द्याल का?”

“देऊ की. कुठे हवा?”

“कुठेही चालेल. पुढच्या चांगल्या जागा मोठ्यांना असू द्या. टिटवीच्या फोल्डराची मागची भिंत मोकळीच आहे म्हणतात. तिथे एखादा सबफोल्डर खोदून दिलात तरी पुरे.”

“आत ठेवणार काय?”

“माझ्याकडे आहे काय ठेवायला?” मावशींनी सुस्कारा टाकला. “एकटा जीव माझा. पण सगळ्यांचं आहे, आपलंही एक दार असावं, असं वाटतं हो.”

वानराला गहिवरून आलं. त्याच्यासमोर आजवर कुणी आपणहून ‘सबफोल्डर’ म्हटलं नव्हतं. बाकी सगळे अजून चोरून कोनाडाच म्हणत.

दुपारी टिटवी परत आली, डरकाळी फोडून आत शिरली, तर तिच्या फोल्डरात धूळ उडत होती. खवल्या मांजर मागच्या भिंतीत खोदत होतं. जंगलातले सगळे फोल्डर तेच खोदायचं.

“हे काय चाललंय?”

“मंजूर आहे,” मांजर म्हणालं आणि खोदत राहिलं.

“कुणासाठी?”

“मला लांबी-रुंदी सांगतात, बाई. कोण ते नाही सांगत.”

तेवढ्यात दारातून घोरपडमावशी सरपटत आल्या. मेहुण्याने त्यांना काही विचारलं नाही. विचारायचंच नव्हतं. त्यांचं दार आत होतं.

“चालू दे तुमचं,” मावशी अंड्यांकडे बघत म्हणाल्या. “मी आपली जागा बघायला आले. छान ऊब आहे हो इथे.”

टिटवी उडाली ती थेट उंबरावर.

“घोरपड माझ्या फोल्डरात येते.”

“तुमच्या नाही. ती तिच्या फोल्डरात जाते,” वानर म्हणाला. “वाट तुमची, दार तिचं.”

“पण वाटेत माझी अंडी आहेत.”

“तुमचा पासवर्ड तिला ठाऊक आहे?”

“नाही.”

“मग तुम्ही सुरक्षित आहात.”

“अहो, तिला कुणी विचारणारच नसेल तर ठाऊक असून तिला करायचंय काय?”

हा प्रश्न वानराला खिडकीतून दिसला नव्हता.

“बाई,” तो मग समजावणीच्या सुरात म्हणाला, “नियम सभेत झालाय. तुम्ही संमती दिलीय. एक नाही, दोन्ही पंख वर केले होते. मी बघितलंय.”

टिटवी परत फिरली. दोन दिवस ती अंड्यांवरून उठली नाही. मावशी जात येत राहिल्या. जाताना म्हणत, “बसा, बसा.” येताना म्हणत, “उठू नका.” तिसऱ्या दिवशी तहानेने तिचे डोळे फिरले आणि ती पाण्यावर गेली. दोन घोट घेतले आणि परतली. दारात डरकाळी एकदा चुकली.

आत तीन अंडी होती.

चौथ्याच्या जागी थोडंसं टरफल होतं आणि मागच्या सबफोल्डराच्या दारात दुसरा मेहुणा बसला होता. आतून मावशींचा ढेकर ऐकू आला.

“मला आत जाऊ दे,” टिटवी म्हणाली.

“पासवर्ड?”

“माझं अंडं आहे तिच्या पोटात.”

“तो पासवर्ड नाही,” मेहुणा म्हणाला.

*

चौकशी झाली. चौकशीचा अध्यक्ष गवा होता.

“दार फोडलं होतं का?” गव्याने विचारलं.

“नाही,” टिटवी म्हणाली.

“पासवर्ड चोरला होता का?”

“नाही.”

“पहारेकरी झोपला होता?”

“नाही हो. शेंगा खात होता.”

“मग चोरी कशी म्हणता येईल?” गव्याने सगळ्यांकडे पाहिलं. “चोरी म्हणजे नियम मोडून नेणं. इथे कुणी कुठलाच नियम मोडलेला नाही.”

“उलट,” वानर म्हणाला, “सगळं यंत्र ठरल्याप्रमाणे चाललं, हे यातून सिद्ध होतं.”

घोरपडमावशींना बोलायला सांगितलं. त्यांनी डोळ्यांना शेपूट लावलं. “मला फार वाईट वाटतं. त्या अंड्याशी माझी ओळख झाली होती. थोडकीच, पण झाली होती.”

“चारातली तीन शाबूत आहेत,” गव्याने निकाल दिला. “म्हणजे पाऊण यश. पहिल्याच वर्षी हे कमी नाही.”

टाळ्या झाल्या. अस्वलानेही वाजवल्या. त्याचा मध अजून जागेवर होता.

टिटवी गुहेत परत आली आणि तीन अंड्यांवर बसली. पोटाखाली एका बाजूला तिला गार लागत होतं. तिथे तिने थोडी माती ओढून घेतली, पण गार लागायचं थांबलं नाही.

कुणी काही नेलं म्हणजे आपण म्हणतो, उरलेलं सांभाळ. पण उरलेलं ज्याच्या जिवावर सांभाळायचं, तो नियमच चोराला दार उघडून देत असेल तर काय करायचं? टिटवी बसल्या बसल्या याच गोष्टीचा विचार करत होती. आणि विचार करता करता तिला तो नियम पुन्हा आठवला. आतलं दार मोठं.

सकाळी ती उंबराखाली गेली.

“मला एक सबफोल्डर हवाय,” ती म्हणाली.

“कुठे?”

“घोरपडमावशींच्या सबफोल्डराच्या मागच्या भिंतीत.”

वानराचा चेहरा उजळला. “आता कसं बोललात,” तो म्हणाला. “शिकलात तुम्ही.”

*

खवल्या मांजर आलं. खोदू लागलं. मावशी आपल्या फोल्डरात वेटोळं करून बसल्या होत्या. त्यांच्या अंगावर मुरूम पडू लागला.

“अगं, हे काय?” त्या म्हणाल्या.

“बसा, बसा,” टिटवी म्हणाली. “उठू नका.”

मावशी पाय मोकळे करायला बाहेर गेल्या तेवढ्यात तिने चोचीने ढकलत ढकलत तिन्ही अंडी नव्या जागेत नेली. दारावर तिसरा मेहुणा बसला. पासवर्ड नवा, ‘आवळा चित्रा’. डरकाळी मात्र जुनीच ठेवली, कारण तेवढी एकच तिला जमत होती.

आता मावशींना अंड्यांपर्यंत जायचं तर टिटवीचा शब्द हवा. दुपारपर्यंत त्यांनी डोकं खाजवलं. मग त्या गोड चेहऱ्याने उंबराखाली गेल्या आणि टिटवीच्या नव्या फोल्डराच्या मागे आणखी एक सबफोल्डर मागितला.

वानराने दिला.

टिटवीने त्याच्या मागे मागितला.

वानराने तोही दिला. त्याला धन्य वाटत होतं. लोक आपणहून सुरक्षा मागू लागले होते. आजूबाजूच्या जंगलांतून पाहुणे येऊन गुहेकडे बघून जात. शहरातल्या कंपनीतसुद्धा इतकी दारं नव्हती, म्हणजे निदान खिडकीतून तरी दिसली नव्हती.

आतल्या आत, आतल्या आत भुयार चाललं. मेहुणे संपले तेव्हा साडू बसवले. साडू संपले तेव्हा मेहुण्यांचे मेहुणे. खवल्या मांजराच्या नख्या झिजल्या. टिटवीचा घसा बसला, त्यामुळे डरकाळी सुधारली. मावशी वाळत चालल्या, कारण सगळा दिवस अर्ज करण्यात जाई आणि खायला बाहेर जावं तर तेवढ्यात टिटवी आणखी आत सरके.

अंडी फक्त ढकलली जात होती. आत पिलं होती. कान लावला तर ऐकू येत होती.

मग एका दुपारी टिटवीचा सगळ्यात नवा सबफोल्डर खोदताना मांजराने नखी मारली आणि नखी पलीकडे गेली. भोकातून उजेड आला. पाठोपाठ वारा आला.

मांजराने डोळे बारीक केले. “भिंत संपली,” ते म्हणालं.

“म्हणजे?”

“म्हणजे टेकडी संपली, बाई. हा पलीकडचा माळ.”

टिटवीने भोकातून मान बाहेर काढली. खडे, खडे आणि खडे. गेल्या वर्षी जिथे तिची अंडी होती, ती जागा पावला-दोन पावलांवर होती.

मांजर कामात चोख होतं. ते टेकडीला पूर्ण वळसा घालून उंबराखाली गेलं आणि वानराला विचारून आलं की बाहेर म्हणजे फोल्डर धरायचा का.

तज्ज्ञाला ‘माहीत नाही’ असं म्हणता येत नाही, ही त्याची सगळ्यात मोठी अडचण असते. वानर म्हणाला, “धरायचा. तो सगळ्यात आतला फोल्डर. इतका आतला की त्याला भिंती लागत नाहीत.”

“आणि पहारेकरी?”

वानराने बोटांवर मोजून पाहिलं. नातेवाईक उरले नव्हते.

“इतक्या आत कोण येणार आहे?” तो म्हणाला.

*

पण येणार होतं, हे टिटवीला ठाऊक होतं. नियम तिच्या आता अंगात मुरला होता. ज्याला स्वतःचं दार नाही त्याला बाहेरच्या दाराचा शब्द लागू. हा नवा फोल्डर बिनदाराचा. त्याच्या बाहेरचं दार मावशींचं. म्हणजे इथे यायला मावशींना त्यांचाच शब्द पुरे होता.

तिने अंडी माळावर ढकलली. एक इथे, एक तिथे, एक त्या चपट्या दगडापाशी. मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची अंडी खड्यांमध्ये जाऊन पडली आणि ती चार पावलं मागे सरली तेव्हा तिला स्वतःलाच क्षणभर धस्स झालं. अंडी दिसेनात. नुसते खडे.

भोकातून मावशींचं तोंड बाहेर आलं. उन्हाने त्यांचे डोळे दिपले.

“फार लांब नेलंस गं मला,” त्या म्हणाल्या. आता त्यांचा आवाज गोड नव्हता.

टिटवीने मग जे केलं ते तिला वानराने शिकवलं नव्हतं. ते तिच्या आईने शिकवलं होतं, आईला आजीने. ती अंड्यांपासून दूर पळाली, एका कोऱ्या दगडापाशी थांबली, पिसं फुलवली आणि हळुवार, जपून, अगदी आईसारखी त्या दगडावर बसली.

मावशी धावल्या. टिटवी ओरडत उडाली. मावशींनी दगड तोंडात धरला आणि त्यांचा एक दात हलला.

टिटवी दुसऱ्या दगडावर जाऊन बसली. आणखी हळुवार.

तिथे फळ नव्हतं, नक्षत्र नव्हतं, मेहुणा तर नव्हताच. होती ती फक्त थाप. मुलांनो, थाप चांगली मारायला फार प्रेम असावं लागतं. ते टिटवीकडे तीन अंड्यांपुरतं होतं.

ऊन उतरेपर्यंत मावशींनी अर्धा माळ चाखून पाहिला. मग त्या भोकातून आत गेल्या. मागून आल्या तरी आपल्या दारात त्यांना शब्द विचारला गेला. दात हलत असल्यामुळे त्यांना तो तीनदाही नीट म्हणता आला नाही. त्यांचं दार सूर्य मावळेपर्यंत बंद झालं.

टिटवी अंड्यांपाशी येऊन टेकते न टेकते तोच जमीन हादरू लागली. गवा येत होता. सर्व्हर मागच्या बाजूने कसा दिसतो ते पाहायला निघाला होता आणि त्याने नेहमीप्रमाणे जवळची वाट धरली होती.

खूर वर उचलला गेला. त्याच्या बरोबर खाली चपट्या दगडापाशी तिसरं अंडं होतं.

टिटवी उडाली आणि थेट त्याच्या नाकावर गेली. बसलेल्या घशातून तिने जो आवाज काढला त्यात करवंद होतं, मघा होती आणि या खेपेला डरकाळीही होती. गवा तीन पावलं मागे सरला.

“अगं, ओरडायला काय झालं?”

“वळून जा. इथे अंडी आहेत.”

“कुठे? मला तर दिसत नाहीत.”

“म्हणूनच ओरडतेय.”

गवा वळला. चार पावलं गेला आणि थांबून म्हणाला, “एवढंच करायचं होतं तर गेल्या वर्षी का नाही ओरडलीस?”

“गेल्या वर्षी मी तुमच्या सभेत होते,” टिटवी म्हणाली. “टाळ्या वाजवत.”

*

तिन्ही पिलं निघाली. निघाल्या निघाल्या पळू लागली, कारण टिटवीची पिलं तशीच असतात.

मागच्या भोकाची बातमी जंगलात हळूच पसरली. अस्वल आपला पासवर्ड कधीच विसरलं होतं. ते एके दिवशी चवड्यांवर चालत मागून शिरलं आणि स्वतःचाच मध चोरून घेऊन गेलं. शेकरूने आपल्या कोयी चोरल्या. मोराने आपली पिसं चोरली. पुढच्या दाराने जाऊन काही मिळवण्यापेक्षा मागून जाऊन आपलंच चोरणं सोपं होतं. थोड्याच दिवसांत सगळी गुहा रिकामी झाली आणि प्रत्येक दारात एकेक मेहुणा तसाच बसून राहिला.

वर्षाच्या शेवटी सभा झाली. अध्यक्षांनी जाहीर केलं की गुहेतून एकाही वस्तूच्या चोरीची तक्रार नव्याने आलेली नाही. वानराला शाल-श्रीफळ मिळालं आणि शेजारच्या जंगलाचं बोलावणं आलं. घोरपडमावशींना आतल्या दारांचा सगळ्यात जास्त अनुभव होता, म्हणून त्यांना त्याच्या जागी तज्ज्ञ नेमलं.

त्या सभेला टिटवी गेली नाही. ती पिलांना किडे दाखवत हिंडत होती. हिंडत हिंडत गुहेच्या तोंडापाशी आली. धाकटा मेहुणा कंटाळून बाहेर येऊन बसला होता. शेंगाही संपल्या होत्या. टिटवीला बघताच तो सावरून बसला.

“पासवर्ड?”

“अरे, आत काही नाहीये.”

“नसू दे,” मेहुणा म्हणाला. “पण विचारू दे की. बऱ्याच दिवसांत कुणी चुकलंसुद्धा नाही.”

टिटवीला त्याची दया आली. ती घसा साफ करू लागली, पण त्याआधीच तिच्या सगळ्यात धाकट्या पिलाने छाती पुढे काढली. अंड्यात असताना त्याने सगळ्यात आधी ऐकलेला शब्द तोच, म्हणून त्याला तो अंगाई वाटत असे.

“करवंद मघा डुर्र,” पिलू म्हणालं.

मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बरोबर,” तो म्हणाला. “जा आत.”

पिलाने आत पाहिलं. आत अंधार होता. मग ते वळलं आणि माळाकडे पळालं.

*

तात्पर्य: आपली वस्तू जपायची असेल तर दाराच्या आत दार, त्याच्या आत दार, असं न थकता करत जावं. पुरेसं आत गेलं की आपण बाहेर पडतो. टेकडी तेवढी बुटकी बघून घ्यावी.